कॉलवरचा डॉक्टर आणि कागदावरचं भरलेलं पद

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर पंधरा दिवसाला एक बातमी ठरलेली असते. अमुक ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर गायब, रुग्णांचे हाल, नातेवाइकांचा ठिय्या, आणि सगळ्यात खाली साहेबांचं वाक्य की चौकशी करून कारवाई करू. बातमी खोटी नसते, मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यातच सिस्टर म्हणून आयुष्य काढलं, इन्चार्ज म्हणून रिटायर झाले, त्यामुळं ते हाल मला कुणी सांगायला नकोत. पण त्या बातमीत एक प्रश्न कधीच नसतो हो, की तो जो डॉक्टर गायब होता त्याची ड्युटी किती वाजेपर्यंत होती? तुमच्या वार्ताहरानं एवढं विचारलं ना तर कितीतरी वेळा असं निघेल की तो गायब नव्हताच, त्याची वेळच दुपारी एकला संपली होती, कारण तो कॉलवरचा.

कॉलवरचा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तालुक्याच्या गावात सरकारी दवाखान्यात बाईंचे डॉक्टर, लेकरांचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर असायला पाहिजेत, पण त्या पदावर पूर्णवेळ यायला कुणी तयार नसतं, मग गावातल्याच एखाद्या नर्सिंग होमवाल्या डॉक्टरला सांगतात की तुम्ही सकाळी दोन-तीन तास या, ओपीडी बघा, सिझर असलं तर बोलावू, पर केस इतके पैसे. एनएचएममधून, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, किंवा रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून ते मानधन निघतं. ह्यात बेकायदा काही नाही, सरकारचीच सोय आहे ती, आणि खरं सांगायचं तर ही सोय नसती तर कित्येक तालुक्यांत सरकारी दवाखान्यात एकही सिझर झालं नसतं. त्यामुळं मी कॉलवरच्या डॉक्टरांच्या विरोधात लिहितेय असं कृपा करून समजू नका. मी असे डॉक्टर बघितलेत जे स्वतःच्या घरचं लग्न सोडून रात्री टेबलावर आलेत, आणि असेही बघितलेत जे म्हणायचे की सिस्टर इथं लाइटचा काही भरवसा नाही, पेशंटला माझ्याकडंच पाठवा. दोन्ही प्रकार आहेत, पहिलाच जास्त आहे असं माझं मत आहे, पण ज्याचं स्वतःचं नर्सिंग होम दोन गल्ल्या सोडून आहे त्यालाच सरकारी पेशंटचा निर्णय घ्यायला लावायचं आणि वर त्यानं साधूसारखं वागावं ही अपेक्षा ठेवायची हे काही बरोबर नाही.

माझी तक्रार मोजण्याबद्दल आहे. आमच्या दवाखान्यातून दर महिन्याला रिपोर्ट जायचा, त्यात एक रकाना असायचा, स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध आहे का, आणि आम्ही लिहायचो होय. भूलतज्ज्ञ उपलब्ध आहे का, होय. खोटं नव्हतं ते, यायचे की डॉक्टर! पण आठवड्याचे तास असतात १६८. सकाळचे तीन तास धरले आणि सहा दिवस धरले तर होतात १८. म्हणजे उरलेल्या १५० तासांत एखादी बाई अडली तर फोन लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, रिपोर्टात मात्र होय. वरच्या ऑफिसला दिसतं जागा भरलेली आहे, मंत्रालयात दिसतं तालुका व्यवस्थित आहे, विधानसभेत प्रश्न आला तर उत्तर तयार. बरं, पूर्णवेळचा एक डॉक्टर जरी मिळाला तरी तो आठवड्याला ४८ तास काम करणार ना, १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. एक ऑपरेशनचं टेबल चोवीस तास चालवायचं तर त्या एका विषयाचे साडेतीन डॉक्टर लागतात, रजा-सुट्टी अजून धरलीच नाही. आणि आपल्या आकृतिबंधात, म्हणजे कुठल्या दवाखान्याला किती माणसं त्या सरकारी तक्त्यात, मंजूर पद किती, तर एक. म्हणजे उद्या सगळी रिक्त पदं भरली आणि फोटो काढून पेपरात छापले तरी रात्रीचे दोन वाजले की हाल तेच.

ह्याला बायका-लेकरं किंमत मोजतात. अडलेल्या बाळंतिणीचं तातडीचं सिझर ठरलं की निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटं असा हिशोब डॉक्टर लोक धरतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतसुद्धा बाई हातातून जाते. आणि आमच्याकडं काय व्हायचं, बाईंच्या डॉक्टर यायच्या दहा मिनिटांत, पण भूल देणारे डॉक्टर त्या सगळ्या भागात एकच, ते शेजारच्या तालुक्यात कुणाच्या तरी प्रायव्हेटमध्ये अडकलेले, त्यांचं तिथलं आटोपून ते येईपर्यंत बाळाचे ठोके उतरायला लागलेले. लोकांना वाटतं बाईंच्या डॉक्टर नसतात म्हणून सिझर होत नाही, खरी गाडी अडते ती भुलीच्या डॉक्टरवर. त्यासाठी सरकारनं साध्या एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं ट्रेनिंग द्यायची योजनाही काढली होती, चांगली होती, पण ट्रेनिंग घेऊन आलेल्या डॉक्टरची बदली अशा जागी होते की जिथं ऑपरेशन थिएटरच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मग काय होतं, रेफर. १०८ ला फोन. आता १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, त्यात डॉक्टर असतो, त्या गाडीनं कितीतरी जीव वाचवलेत, पण गाडीत सिझर होत नाही ना. पेशंट जिल्ह्याला जातो, जिल्ह्यावाले मेडिकल कॉलेजला पाठवतात, आणि पेशंट जिथं दगावतो तिथल्या खात्यावर तो मृत्यू पडतो. ज्या दवाखान्यात रात्री दोनला डॉक्टर नव्हता त्याच्या खात्यावर फक्त एक रेफर. रिपोर्ट स्वच्छ.

नांदेडचं आठवा. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं, पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. सगळा देश नांदेडवर तुटून पडला. खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांकडून, म्हणजे तिथल्या डीनकडून, संडास साफ करून घेतला, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि ते अधिष्ठाताही प्रभारीच होते बरं का, कायमचे नव्हते. तेव्हा दवाखान्याचं म्हणणं होतं की लांबलांबून, शेवटच्या घटकेला आणलेले पेशंट होते. त्यावर लोक चिडले, की हे कारणं सांगतात. औषधांचा तुटवडा होता, माणसं कमी होती, ते सगळं हायकोर्टानं स्वतःहून दखल घेऊन विचारलंच. पण शेवटच्या घटकेला आणलेले पेशंट ह्या वाक्यावर कुणी थांबलं नाही. कुठून आणले? वाटेत किती दवाखाने लागले? त्या दवाखान्यांत त्या रात्री कोण होतं? एवढ्या चौकश्या झाल्या, नांदेडच्या मागं जे पाच-सहा तालुके आहेत त्यांची ड्युटी लिस्ट कुणी मागवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये कळव्याला महापालिकेच्या दवाखान्यात एका दिवसात १८ मृत्यू झाले, तिथंही ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्या बांधकामासाठी पाडलेलं आणि सगळा लोड एकाच ठिकाणी आलेला. मेडिकल कॉलेज म्हणजे हौद आहे हो, वरच्या सगळ्या नळांचं पाणी तिथंच येणार, आणि हौद वाहिला की आपण हौदालाच शिव्या देतो.

आता कुणी म्हणेल की पूर्वी मोठमोठे डॉक्टर सरकारी दवाखान्यात मानद म्हणूनच यायचे की, तेव्हा कसं चालायचं. खरंय. मुंबईत केईएम १९२६ ला सुरू झालं, नायर त्याच्याही आधीचं कॉलेज, तिथं नावाजलेले सर्जन फिजिशियन सकाळी फुकट काम करायचे आणि संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस. पण त्या मानद डॉक्टरच्या हाताखाली काय होतं ते बघा ना, रजिस्ट्रार, हाऊसमन, आरएमओ, असे सगळे दवाखान्यातच राहणारे ज्युनियर डॉक्टर, रात्री-बेरात्री उठून बघणारे, साहेब सकाळी येऊन निर्णय द्यायचे पण रात्रभर पेशंटजवळ कुणीतरी शिकलेलं माणूस उभं असायचं. वर अर्धवेळचा साहेब चालतो, खाली चोवीस तासांची फौज असली तर. आमच्या तालुक्याला आपण फक्त अर्धवेळचा साहेब दिला आणि फौज म्हणून दिली एक सिस्टर आणि एक मावशी. (मावशीला पण सहा महिने पगार नाही, ती ठेकेदाराची.)

फौजेचं बोलायचं तर बाँडचे डॉक्टर. सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं की एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख भरा, एमडी-एमएस केलं असेल तर ५० लाख. पोरं येतात, चांगली पोरं असतात, पण एका हातात स्टेथो आणि दुसऱ्या हातात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचं, नीट पीजीचं पुस्तक, त्यांना दोष कसा द्यायचा, वर्ष संपलं की जाणार हे त्यांनाही माहीत आणि आपल्यालाही. ते वर्षसुद्धा आपण त्यांचं धड जाऊ देत नाही. क्वार्टर गळतंय, रात्री ड्युटीला पोरगी असली तर तिला झोपायला खोलीला आतून कडी नाही. २०२४ ला कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर आठ दिवस सगळीकडं सिक्युरिटी गार्ड दिसले, मग परत तेच. डॉक्टरला मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद असा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे, पण रात्री दोन वाजता पन्नास माणसं दारात उभी असताना कायद्याचं पुस्तक दाखवता येत नाही, तेव्हा सिस्टरच पुढं होते आणि दादा-भाऊ करत समजावते.

आणि मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडं जे भरारी पथकाचे (गावोगाव फिरून तपासणाऱ्या पथकाचे) मानसेवी, म्हणजे मानधनावरचे डॉक्टर आहेत त्यांचं तर उलटंच. ती बहुतेक बीएएमएस झालेली मुलं, पाड्यापाड्यावर जातात, पावसात गाव तुटलं तरी तिथंच असतात, म्हणजे काम पूर्णवेळाच्याही वर, आणि नेमणूक मात्र तात्पुरती. ९५ साली नवसंजीवनी योजना आली तेव्हापासून आदिवासी भागाचं आरोग्य असंच तात्पुरत्या माणसांवर चाललंय. त्यांना महिन्याला २४ हजार मिळायचे, २०२० ला कोरोनात कुठं ते ४० हजार झाले. एनएचएमच्या माणसांचं पण तेच, ११ महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा ब्रेक, परत ११ महिने, असं करत करत लोकांची पंधरा-पंधरा वर्षं गेली आणि मग संप केला की पेपरात येतं रुग्णांना वेठीस धरलं. म्हणजे जो पूर्णवेळ राबतो तो कागदावर तात्पुरता, आणि जो तीन तास येतो तो कागदावर भरलेलं पद. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?

सिस्टरांचं थोडक्यात सांगते, कारण आमच्याबद्दल लिहायला लागले तर तुमचं पान पुरणार नाही. तीस खाटांच्या दवाखान्यात आम्ही मंजूर सात. आठवड्याच्या पाळ्या २१. प्रत्येकीनं सहा केल्या तर ४२, म्हणजे पाळीला दोन. त्यातून नाईट ऑफ काढा, एकीची बाळंतपणाची रजा काढा, एक डेप्युटेशनवर जिल्ह्याला, एक ट्रेनिंगला, राहते पाळीला एक. तिनं लेबर रूम बघायची, वॉर्ड बघायचा, अपघाताची केस आली तर ड्रेसिंगला उभं राहायचं, आणि त्यातून वेळ मिळाला तर ऑनलाइन एंट्री करायची. वॉर्डात सहा पेशंटमागं एक सिस्टर असा नियम पुस्तकात आहे, शिकताना पाठ केला होता, पुढं पूर्ण नोकरीत तो कुठं भेटला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात सगळे उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद झाले, फार चांगला निर्णय, गरिबाचा आशीर्वाद आहे त्याला. गर्दी वाढली, वाढणारच. पण वाढलेल्या गर्दीसाठी एक जादा टेबल, एक जादा माणूस, काहीतरी? नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीत देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टर गरजेपेक्षा ७९.५ टक्के कमी असं छापलंय. दर पाच जागांमागं चार रिकाम्या म्हणा ना. सरकारनं मग तुम्ही रक्कम सांगा आम्ही देतो अशी पण योजना काढली, म्हणजे डॉक्टरनं स्वतःच पगार सांगायचा. तरी येत नाहीत. कारण पैसा हा एक भाग, भुलीच्या डॉक्टरशिवाय सर्जन काय करणार, रक्तसाठा नसताना बाईंच्या डॉक्टरनं सिझरला हात कसा लावायचा? एकटा तज्ज्ञ कुठंही टिकत नाही. तमिळनाडूनं सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांना पीजीच्या निम्म्या जागा ठेवल्या, आपला साधा मेडिकल ऑफिसर शिकून तज्ज्ञ होऊन परत आपल्याकडंच येतो असा तो रस्ता आहे. आपल्याकडं २०२२ ला २० टक्के झाल्या, झाल्या हे बरं झालं, पण शिकून आलेल्याला परत प्राथमिक आरोग्य केंद्राला गोळ्या वाटायला बसवू नका म्हणजे झालं. आणि इकडं २०२४ च्या ऑक्टोबरात एका दिवशी दहा नवी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, हिंगोली, जालना, वाशिम, बुलडाणा, गडचिरोली, आनंद आहे, पण शिकवणारे आणायचे कुठून, तर जिल्हा रुग्णालयातलेच किंवा शेजारच्या कॉलेजातले. कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी इकडचा डॉक्टर तिकडं आणि तिकडचा इकडं, हे तुमच्याच पेपरात वाचलंय.

मग करायचं काय असं विचाराल. मला मोठ्या गोष्टी कळत नाहीत, मी दवाखान्यातलं सांगते. आमच्या वेळी एक कॉल बुक असायचं. जाडजूड रजिस्टर. पेशंट सिरियस झाला की सिस्टर त्यात लिहायची, अमुक बेड, अमुक त्रास, वेळ १.२०, आणि वॉर्डबॉय ते घेऊन डॉक्टरच्या घरी जायचा, डॉक्टर त्यात सही करायचे आणि आले की परत वेळ टाकायचे, १.४५. नाही आले तर तेही त्यात दिसायचं. मोबाईल आला आणि कॉल बुक गेलं. आता फोन लावला, उचलला नाही, व्हॉट्सॲप केलं, निळी टिक आली नाही, सकाळी चौकशीत कोण काय बोललं त्याचा काही पुरावा नाही, आणि पुरावा नसला की सगळं येतं सिस्टरवर, तुम्ही वेळेवर कळवलं नाही म्हणून. ते कॉल बुक परत आणा, वाटल्यास ॲपवर आणा, बायोमेट्रिक आणि तोंड दाखवायचे ॲप काढायला पैसे आहेत तर ह्यालाही निघतील. मस्टरवर हजेरी दिसते, कॉल बुकात डॉक्टर पेशंटपर्यंत किती मिनिटांत पोचला ते दिसतं. त्यानं कॉलवरच्या चांगल्या डॉक्टरचंही रक्षण होतं, की साहेब मी वीस मिनिटांत आलो होतो, भूल द्यायलाच कुणी नव्हतं. आणि त्याचं मानधन त्याच महिन्यात द्या, वर्षाअखेर ग्रँट आली की बघू असं चालतं म्हणून तर लोक कॉल घ्यायचे बंद होतात.

दुसरं, रिपोर्टातला तो होय-नाहीचा रकाना काढून टाका आणि तास लिहा. ह्या महिन्यात बाईंच्या डॉक्टर दवाखान्यात किती तास होत्या, रात्री किती तास, भूल देणारे किती तास. रेफरच्या चिठ्ठीवर कारण लिहितात, पुढील उपचारासाठी, त्याच्याऐवजी खरं लिहायची मुभा द्या, की भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही, कॉल १.२०. आज हे लिहिलं तर सिस्टरला मेमो येतो.

तिसरं लोकांना आवडणार नाही, आमदारांना तर अजिबात नाही. प्रत्येक गावाला ग्रामीण रुग्णालय, मग त्याचं उपजिल्हा, तीसच्या पन्नास खाटा, पन्नासच्या शंभर, फीत कापली, कोनशिला बसली, पदनिर्मिती मात्र वित्त विभागात अडकलेली. तीन तालुक्यांत तीन अर्धवट टेबलं ठेवण्यापेक्षा ते तीन बाईंचे डॉक्टर, दोन भुलीचे, एक लेकरांचे, सगळे मधल्या एका दवाखान्यात बसवा आणि तो खरोखर चोवीस तास चालवा, बाकी दोन ठिकाणी दिवसाची ओपीडी आणि दारात गाडी उभी. बाईला कळेल तरी की रात्री नक्की कुठं जायचं. आता ती तीन दारं हिंडते.

तुमच्याकडं पण एक मागणं आहे. तुमचे तालुक्या-तालुक्याला वार्ताहर आहेत. त्यांना एकाच दिवशी सांगा, आपापल्या सरकारी दवाखान्यात दुपारी तीनला, रात्री नऊला आणि पहाटे तीनला जा, भांडायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही, फक्त विचारायचं की आत्ता ह्या इमारतीत कोणकोण हजर आहे, आणि समोर मंजूर पदांची यादी ठेवून ते जसंच्या तसं छापा. ड्युटीवरच्या सिस्टरचं नाव तेवढं टाकू नका.

माझंही नाव छापू नये ही विनंती. धाकटी बहीण अजून सर्व्हिसमध्ये आहे आणि बदल्यांचा सीझन जवळ आलाय.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर, मराठवाडा